‘आम्ही’ आणि ‘आपण’

नववीत असताना स्वातंत्र्यदिनाच्या निबंधात मी एक वाक्य लिहिले होते : ‘भारताने आम्हां ख्रिस्ती लोकांना स्वातंत्र्य दिले, त्याबद्दल आम्ही भारताचे आभारी आहोत.’ मराठीच्या बाईंनी त्यातील ‘भारताने’ आणि ‘आम्हां’ या दोन शब्दांखाली तांबड्या शाईने रेघा मारल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि विचारले, “भारत वेगळा आणि तू वेगळा, असे तुला वाटते का? यजमानाचे आभार पाहुणा मानतो. घरच्या माणसाने देवाचे आभार मानावेत.” शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मनोगत लिहायला बसलो, तेव्हा मला सर्वांत आधी त्या दोन रेघाच आठवल्या.

बाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या दिवशी त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून अनुवाद या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय मला वाचायला लावला. देवाने इस्राएली लोकांना देऊ केलेल्या वचनदत्त देशातील पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेला शेतकरी देवासमोर उभा राहतो आणि आपला पूर्वज भटका अरामी होता, येथपासून सुरुवात करून मिसरी (इजिप्तच्या) लोकांनी आपल्याला कसे छळले आणि देवाने कसे सोडवले, हे सांगतो. मिसर देश त्याने पाहिलेलाही नसतो, कारण सुटका झाली ती त्याच्या पूर्वजांची. तरीही तो ‘त्यांना सोडवले’ असे न म्हणता ‘आम्हांला सोडवले’ असेच म्हणतो. मी स्वातंत्र्यानंतर जन्मलो असलो, तरी देशाच्या पारतंत्र्याचे दुःख माझेही होते आणि सुटकाही माझीच आहे, हे मला इतिहासाच्या पुस्तकाआधी या अध्यायाने शिकवले. त्याच अध्यायात पुढे, त्या आनंदात लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाचा माणूस) आणि आपल्यामध्ये राहणारा उपरी, म्हणजे परका, यांनाही सामील करून घ्यावे, अशी आज्ञा आहे. बाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

ख्रिस्ती माणूस या लढ्यात परका नव्हता, याचे दाखले मला पुढे वाचनात मिळत गेले. १८८९ साली मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवण्याची योजना १९४७ मध्ये मान्य झाली होती; परंतु १९४९ च्या मे महिन्यात ती मागे घ्यावी, असे मुखर्जींनीच सुचवले. त्या निर्णयाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद असू शकतात. मला मात्र त्यामागे पाहुण्याची नव्हे, तर घरच्या माणसाची भाषा ऐकू येते.

याहूनही माझ्या मनाला भिडते ती संविधान सभेतील डिसेंबर १९४८ मधील चर्चा. धर्माचे आचरण करण्याबरोबरच त्याचा ‘प्रसार’ करण्याचे स्वातंत्र्यही आज संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे. हा शब्द ठेवू नये, असे काही सभासदांचे म्हणणे होते. तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी, टी. टी. कृष्णमाचारी आणि लक्ष्मीकांत मैत्र होते, आणि यांपैकी एकही ख्रिस्ती नव्हता. मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘उपकारस्तुती’ हा शब्द आपण सहज वापरतो. आभार मानले की माणूस मोकळा होतो. उपकार मात्र स्मरणात ठेवावे लागतात. देवाची उपकारस्तुती करताना, ज्यांच्या हातून ते उपकार पोहोचले त्या माणसांचा धर्म आपल्याहून निराळा होता, एवढ्यासाठी त्यांची नावे गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आणि तरीही उपकारस्तुती म्हणजे सर्व काही पूर्ण झाल्याची पावती नव्हे. पन्नासाव्या वर्षाविषयी शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आज्ञा आहे : या योबेल वर्षी देशभर मुक्ततेची घोषणा व्हावी, आणि तिच्याबरोबरच गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी व गरिबीपायी दुसऱ्याच्या चाकरीत गेलेला बांधव आपल्या घरी परतावा. घोषणा आणि परतफेड तेथे एकाच श्वासात येतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेल्या अनुसूचित जातींच्या व्याख्येबाहेर दलित ख्रिस्ती माणूस आजही उभा आहे. हे बोलल्याने कृतज्ञता उणी होत नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण घरातली उणीव घरच्या माणसानेच सांगायची असते. स्तोत्रकर्तेही स्तुती आणि गाऱ्हाणे एकाच स्तोत्रात देवापुढे ठेवतात.

१५ ऑगस्टच्या उपासनेत प्रार्थना चालवण्याची पाळी माझ्यावर आली, की मी ती आदल्या रात्री लिहून काढतो आणि तिच्यातला प्रत्येक ‘आम्ही’ पुन्हा तपासतो. देवाशी बोलताना तो शब्द योग्यच असतो. परंतु त्या ‘आम्ही’मध्ये मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतींबाहेरची माणसे आली आहेत की नाहीत, हे पाहावे लागते, आणि ती राहून गेलेली दिसली की मी ते वाक्य खोडून नव्याने लिहितो.