वडकी नाल्याच्या पुढे

आळंदीत इंद्रायणीला फेस होता. तीर्थ घ्यायला वाकलो आणि ओंजळ तशीच मागे घेतली. शेजारची बाई मात्र बिनघोर आचमन करून, पदराला तोंड पुसून वर गेली. भक्ती माझी कमी की काळजी तिला कमी, अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्यातला मुक्काम गर्दीत गेला. पालखी विठोबाला बाहेरूनच हात जोडले. हडपसरला तुकोबा सोलापूर रस्त्याने गेले, आम्ही माउलींबरोबर सासवडकडे वळलो. एकादशी, पोटात दोन केळी, दिवसाची चाल ३२ किलोमीटर. वारीला नवे बूट घालू नयेत, हे घरात तिघांनी सांगितलं होतं.

वडकी नाल्याच्या पुढे टाचेचा फोड टरटरला. मागून 'ज्ञानोबा-तुकाराम' आणि कानाशी टाळ. खरं सांगतो, त्या टाळांचा राग आला. रस्ता सोडून मुरमावर बसलो. पाण्याचा पाऊच रिकामा करून टाकला.

एका म्हातारीने तो उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

"माउली, एवढा कचरा पडलाय, माझ्या एकानं काय होतंय?"

"पाय दाव."

चंचीतून सुई निघाली. काडी ओढून तापवली, दोरा ओवला, फोडाच्या या कडेने घातली, त्या कडेने काढली. दोन्ही टोकं लोंबती ठेवली. "काढू नगंस. पानी दोऱ्यावाटं जाईल."

मी हात टेकून उठायला लागलो तशी ओरडली, "हात उचल, हात!"

बोटाशी मृगाचा किडा होता. रात्रीच्या पावसाने ओल्या झालेल्या मातीवर मसुरीच्या डाळीएवढा लालभडक ठिपका, चालतोय की नाही कळू नये असा.

"येवढुशाला बी मखमल शिवलीया त्यानं," ती म्हणाली. "आपल्याला नुसतं कातडं. त्याला बी फोड येत्यात."

मी चाकणला गाड्यांच्या सीटची डिझाइनं करतो. कापड दिसलं की नजर आधी शिवणीवर जाते. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. शिवण सापडेना. पाठीवर मधोमध किंचित दाबलेली घडी, एवढंच. हसू आलं आणि डोळेही भरले, उन्हामुळे असेल.

तिची दिंडी पुढे गेली होती. नाव विचारायचं राहिलं. किड्याभोवती मी चार दगड मांडले आणि निघालो. वळून पाहिलं तर एक गृहस्थ त्याच दगडांवर ऐसपैस बसून तंबाखू मळत होते.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लागल्या. त्यांच्या तोंडालाही फेस होता. लोक मोबाइल उंच धरून उभे, मीही एक फोटो काढलाच.

सासवडला रात्री बूट काढला. दोरा जागेवर होता, ओला.