पाच चिंचोके, दोन ओळी

आज परळच्या आमच्या शिशुवर्गात चिंचोके मांडले. पाच-पाचच्या दोन ओळी, समोरासमोर. "सारखे आहेत ना?" "हो बाई!" मग एक ओळ जरा लांबवली. लगेच एका चिमुरडीने बोट ठेवलं, "आता ही जास्त." मोजून घेतलं, दोन्हीकडे पाचच. तरी तिचं म्हणणं कायम, "पण ही लांब आहे ना!"

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवलं होतं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांची भिस्त डोळ्यांना दिसतं त्यावर असते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही इथे अडतं. म्हणून मी "चूक" म्हटलं नाही. प्रत्येक चिंचोक्यावर बाटलीचं एकेक झाकण ठेवायला दिलं. मग तीच झाकणं उचलून दुसऱ्या ओळीवर. एकही उरलं नाही, तशी ती थबकली आणि पुन्हा पहिल्यापासून ठेवू लागली. मी घंटा होईपर्यंत तिला करू दिलं.

शाळा सुटताना एक आई म्हणाल्या, "बाई, शंभरपर्यंत लिहायला कधी घेणार?" त्यांची काळजी खरी आहे. पण आयांनो, बाबांनो, लिहिण्याची घाई नको. रात्री पानं घेताना माणशी एक वाटी मुलांना मांडू द्या, आणि किती कमी पडल्या ते त्यांनाच सांगू द्या.