दहापैकी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून. “मिसळीवर एवढं पाल्हाळ लावता, मग शेवटी दहापैकी किती ते का लिहीत नाही?” हॉटेलवाल्यांची भीड पडते म्हणून नव्हे. बिल मी स्वतः भरते आणि कट, म्हणजे मिसळीचा तर्रीदार रस्सा, कच्चा लागला तर तसंच लिहिते.

साधी अडचण आधी सांगते. पुण्यातली दोन मिसळीची हॉटेलं घ्या: मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांचा रस्सा गोडसर-आंबटसर, ‘काटाकिर्र’चा झणझणीत. दोघांना एकच फूटपट्टी लावली की ते गुण मिसळीचे राहत नाहीत, तुम्हाला तिखट किती सोसतं त्याचे होतात. म्हणून मी ताट सुटं करून चाखते. कट वेगळ्या वाटीत मागवायचा, वरची तर्री चमच्याने बाजूला सारायची आणि खालचा रस्सा नुसता प्यायचा. सुकं खोबरं करपलं असेल तर घशाशी कडवटपणा राहतो. मग नुसती मटकी: दाणा अख्खा हवा, पण बोटांत दाबला की मऊ हवा. सालं सुटून वर तरंगत असतील आणि जिभेवर साबणासारखं काही लागलं, तर शिजवताना सोडा पडलाय. फरसाण कोरडंच खाऊन बघायचं, कारण खवट तेल रश्शात लपतं. कांदा-लिंबू सगळ्यात शेवटी. लिंबू मसाल्याचा कच्चेपणा झाकतं, आणि ‘आधी लिंबू पिळा’ म्हणून आग्रह करणाऱ्यांचा मला नेहमी संशय येतो. लागोपाठ दुसरीकडे जायचं असेल तर मध्ये ताक प्या. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, दुधातलं प्रथिन मात्र त्याला जिभेवरून सोडवतं.

गुण देणं थांबलं ते एका छोट्या हॉटेलापाशी. नाव घेणार नाही. तिथल्या कटाला मी नऊ दिले होते आणि ते नऊ आजही मला योग्यच वाटतात. त्या वेळी एकाच कढईत, मंद आचेवर वाटण परतलं जायचं: कांदा, भाजलेलं खोबरं, आलं-लसूण, वरून कांदा-लसूण मसाला. कडेने तेल सुटेपर्यंत पाण्याचा थेंब पडायचा नाही. तर्री म्हणजे तेच सुटलेलं तेल, त्यामुळे तिला रंगाआधी वास होता.

पुढे रविवारी रांग लागू लागली. कढई तीच राहिली, वाटण दुप्पट झालं. इथे नेमकं काय बिघडतं ते नीट बघा. थर जाड झाला की वाटण परतलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात वाफवतं. खालचं लागतं, वरचं कच्चं राहतं. तेल सुटायला दुप्पटीहून जास्त वेळ हवा, आणि रांगेला तो नसतो. मग पाणी लवकर पडतं, तवंग येत नाही, आणि तो आणण्यासाठी गरम तेलात काश्मिरी मिरचीपूड घालून वरून ओततात. दिसायला आधीपेक्षा लालभडक, ओठाला नुसतं तेल, खाली पातळ तपकिरी पाणी आणि कच्च्या लसणाचा दर्प. मटकीचंही तेच. आठेक तास भिजवून रात्रभर बांधून ठेवायची ती, आता नुसती भिजवून सोड्यावर शिजू लागली.

लोक तिथे जाऊन मला विचारत राहिले, “याला नऊ?” चिडायचे ते माझ्यावर, आणि मी चिडायचे त्यांच्यावर. सकाळी आठची कढई आणि साडेबाराला तिसऱ्यांदा पाणी वाढवून उकळलेली कढई या दोन वेगळ्या मिसळी आहेत, हे कुणी ऐकून घेईना. गर्दी मी पाठवली का? काही प्रमाणात, हो. मोठी कढई मी घ्यायची होती का? नाही.

मस्तानीचं, म्हणजे वर आइस्क्रीमचा गोळा घातलेल्या दाट मिल्कशेकचं, याहून अवघड. एप्रिल-मेमधल्या ताज्या हापूसच्या रसाची आणि ऑगस्टमधल्या डबाबंद रसाची मस्तानी एकाच नावाने, एकाच ग्लासात येते. डबाबंद रस टिकवण्यासाठी तापवलेला असतो, म्हणून त्याला शिजल्याचा वास येतो. इसेन्स घातला असेल तर तो नाकाला आधी कळतो, घोट गिळल्यावर मागे काहीच उरत नाही. आणखी एक: थंडीने गोडी दबते, म्हणून साखर चढी पडते. वरचा आइस्क्रीमचा गोळा बाजूला करून तळाचं दूध लांब चमच्याने चाखा, पाच मिनिटं थांबून पुन्हा चाखा. दुसऱ्यांदा तोंड गुळमट झालं तर साखरेचा हात सैल होता. आता याला मे महिन्याचे गुण लिहू की ऑगस्टचे?

गुण देत होते तेव्हाची मी मात्र हे सगळं ऐकून गप्प बसत नाही. ती म्हणते, ज्याच्याकडे एकच रविवार आणि चार जणांच्या नाश्त्यापुरते पैसे आहेत, त्याला वाटण आणि सोड्याचं काय करायचं? त्याला जायचं की नाही एवढंच हवं असतं, आणि ते न सांगणं हाही एक प्रकारचा तोराच. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आकड्याऐवजी मी वार आणि वेळ लिहिते. त्याचं समाधान होत नाही, मला दिसतंय. तरी रविवार टाळता येत असेल तर टाळा, आणि नऊच्या आत पोचा.