विली कीलर : मोकळ्या जागेचा फलंदाज

बेसबॉलच्या थोर फलंदाजांची चर्चा निघाली की ती बहुधा बेब रूथपासून सुरू होते आणि होमरनभोवतीच, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर भिरकावणाऱ्या फटक्याभोवतीच, फिरत राहते. मला मात्र त्याच्या आधीच्या पिढीतील विली कीलरचा खेळ अधिक विलक्षण वाटतो. उंची जेमतेम ५ फूट ४ इंच, वजन साधारण १४० पौंड, आणि हातातली आखूड बॅटही मुठीपासून बरीच वर धरलेली. या माणसाने १८९७ च्या मोसमात १२९ सामन्यांत २३९ हिट, म्हणजे फलंदाजाला किमान पहिल्या बेसपर्यंत (धावेच्या मार्गातील पहिल्या थांब्यापर्यंत) सुरक्षित पोहोचवणारे फटके, मारून .४२४ ची सरासरी गाठली; म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ४२४ हिट.

१८७२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या कीलरची खरी जडणघडण १८९४ पासून बाल्टिमोर ओरिओल्स संघात, व्यवस्थापक नेड हॅनलन यांच्या हाताखाली झाली. त्या संघाने १८९४ ते १८९६ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले, आणि त्यामागे ताकदीपेक्षा डोके अधिक होते. संघातील सहकारी जॉन मॅग्रॉ पहिल्या बेसवर असताना चेंडू टाकला जाताच दुसऱ्या बेसकडे धावत सुटे. त्याला अडवण्यासाठी तिथला क्षेत्ररक्षक आपली जागा सोडून बेसकडे सरके, आणि नेमक्या त्या रिकाम्या झालेल्या जागेतून कीलर चेंडू काढून देई. तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक बंटच्या, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकण्याच्या, अपेक्षेने पुढे आला, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून जाई. तो मागे थांबला, तर कीलर खरोखरच बंट करी. ‘बाल्टिमोर चॉप’ हा फटका तर त्या संघाची ओळखच बनला : फलंदाज जिथे उभा असतो त्या होम प्लेटसमोरच्या टणक मातीवर चेंडू मुद्दाम आपटायचा, तो उंच उसळून खाली येईपर्यंत पहिला बेस गाठायचा. कीलर डावखुरा असल्यामुळे मुळातच पहिल्या बेसच्या जवळ उभा असे, आणि पायही चपळ होते. ‘नजर साफ ठेवा आणि जिथे कोणी नाही तिथे चेंडू मारा,’ हे फलंदाजीच्या रहस्याबद्दल विचारल्यावर त्याने दिलेले प्रसिद्ध उत्तर मला म्हणूनच केवळ चतुर बोल वाटत नाही. ते त्याच्या रोजच्या खेळाचे सरळ वर्णन आहे.

१८९७ च्या मोसमात पहिल्या सामन्यापासून सलग ४४ सामन्यांत त्याने किमान एक हिट मारला. हा आकडा १९४१ मध्ये जो डिमॅजिओने ५६ सामन्यांपर्यंत नेला. १८९८ मध्ये कीलरच्या २१६ हिटपैकी २०६ सिंगल, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे हिट, होते. एका मोसमातील सिंगलचा तो विक्रम मोडायला २००४ साल उजाडावे लागले.

त्याचे यश त्या काळच्या सैल नियमांमुळे होते, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. फाउल, म्हणजे मैदानाच्या वैध रेषांबाहेर, गेलेला चेंडू तेव्हा सहसा स्ट्राइक (तीन झाले की फलंदाज बाद) धरला जात नसे. नॅशनल लीगने १९०१ मध्ये हा नियम बदलला. पण त्याच १९०१ मध्ये, ब्रुकलिनकडून खेळताना, कीलरने २०० हिटचा टप्पा सलग आठव्या मोसमात ओलांडला, आणि पुढे न्यूयॉर्क हायलँडर्सकडून १९०६ पर्यंत त्याची सरासरी .३०० च्या खाली गेली नाही. सलग आठ मोसमांच्या त्या मालिकेला मागे टाकले ते २००९ मध्ये इचिरो सुझुकीने; तोही डावखुरा, तोही वेगवान, आणि मोकळी जागा हेरण्यात तितकाच तरबेज.