इतकी चिडतेस, तर बघतेस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. साठ-सत्तरच्या दशकांतले स्वस्तातले इटालियन, स्पॅनिश भयपट मी बघते आणि संपल्यावर तासभर तणतणते. मग घरात, मित्रमंडळींत ठरलेला प्रश्न येतो: इतका मनस्ताप होतो, तर बघतेस कशाला?

नुसत्या वाईट सिनेमाचा मला त्रास होत नाही, तो बंद करता येतो. मधेच काहीतरी अस्सल दिसतं आणि निसटतं, त्याचा होतो. आमान्दो दे ओसोरिओ या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या १९७२च्या चित्रपटात मेलेले आंधळे सरदार नुसत्या आवाजाच्या मागावर, घोड्यांवरून, स्लो मोशनमध्ये येतात. ते दृश्य अंगावर येतं. बाकीचा सिनेमा नुसती भरताड.

पैसे नव्हते, हे कारण मला सांगू नका. इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाच्या १९६६च्या 'किल, बेबी... किल!'मध्येही पैशांची बोंब होती. तरी त्यात एक माणूस कोणाचा तरी पाठलाग करत दारामागून दार ओलांडतो, खोली दर वेळी तीच, आणि शेवटी हाती लागतो तो स्वतःच. एक खोली, दोन दारं. याला काय खर्च येतो?

मला खरा धक्का दिला तो याच बाव्हाच्या 'लिसा अँड द डेव्हिल'ने. म्हणजे त्याचं जे केलं गेलं, त्याने. मूळ चित्रपट १९७३चा. स्पेनमधल्या जुन्या शहरात वाट चुकलेली एक पर्यटक बाई, तिला पुन्हा पुन्हा भेटणारा, लॉलीपॉप चघळणारा नट टेली सव्हालास, एका वाड्यातली आंधळी सरदारीण. हळू, स्वप्नासारखा चित्रपट. वितरक मिळेना. तेवढ्यात 'द एक्सॉर्सिस्ट' हा भूत उतरवणाऱ्या पाद्र्यांचा अमेरिकन भयपट तुफान चालला. मग निर्मात्याने मूळ चित्रपट कापून त्यात इस्पितळ, पाद्री, शिव्या, ओकाऱ्या घुसडल्या आणि १९७५ मध्ये 'द हाउस ऑफ एक्सॉर्सिझम' म्हणून बाजारात आणला. दिग्दर्शक म्हणून नाव कोणाचं, तर 'मिकी लायन' या बनावट माणसाचं.

मी आधी बघितली ती हीच आवृत्ती. वाड्यातला एखादा प्रसंग रंगात येतो, मेणबत्त्यांच्या उजेडात चेहरे दिसू लागतात, की खाडकन इस्पितळातली खाट आणि किंचाळणं. पुन्हा वाडा, पुन्हा खाट. मी रडले, हे लपवत नाही. भीतीने नाही, संतापाने. मूळ चित्रपट पुढे बघितला, तेव्हा काय काय कापलं होतं ते कळलं आणि संताप दुप्पट झाला.

कॉलेजात मीच वाद घालायचे की ज्याचा पैसा, त्याचा शब्द शेवटचा. त्या मुलीला आज मी काय उत्तर देऊ? याच निर्मात्याने आधी बाव्हाला मनासारखा चित्रपट करू दिला होता, हेही खरंच आहे. तो नसता, तर 'लिसा' झालाच नसता. एवढं कबूल करूनही राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. आणि हो, पुढच्या वेळीही मी तणतणणारच.

तुम्हाला बघायचा असेल, तर आधी 'लिसा अँड द डेव्हिल' बघा. तोही मूळ लांबीचा.