ला बासे ते नव-शापेल: पाच किलोमीटरची पायी वारी

उत्तर फ्रान्समधल्या नव-शापेलला, पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय जवानांच्या स्मारकासाठी, बहुतेक लोक लील शहरातून मोटारीने येतात, फोटो काढतात आणि परततात. मी ही वारी ला बासे-व्हिओलेन स्टेशनापासून पायीच करतो, कारण या गावाचं युद्ध रुळांशिवाय उमगत नाही. लील-बेथ्यून लोहमार्ग 1914 मध्ये क्वेंशीजवळ आघाडीने कापला गेला आणि ला बासे ऑक्टोबर 1918 पर्यंत जर्मनांकडे राहिलं. पूर्वेला ओबेरचा उंचवटा, त्यामागे लील, जर्मनांचं मोठं रेल्वे जंक्शन. तिथवर पोचायच्या वाटेत हे शेतकऱ्यांचं गाव होतं.

पाणी ला बासेतच भरून घ्यावं आणि डी-947 रस्ता उत्तरेकडे धरावा. वाहनं उजवीकडून धावतात, म्हणून आपण डाव्या कडेने, समोरची वाहनं बघत चालायचं. दुतर्फा गहू, बीट, बटाटा. पावसानंतर शेतात उतरू नये, चिकणमाती बुटांना अशी धरते की पाय उचलवत नाही. पाणी जमिनीखाली हात-दीड हातावरच लागतं. त्यामुळे इथे खोल खंदक खणणं शक्यच नव्हतं. मातीची पोती रचून छातीएवढे बांध घालावे लागले. नांगराला अजूनही तोफगोळे लागतात. बांधावर गंजलेलं काही दिसलं तर हात लावू नये, त्यात विषारी वायूचे गोळेही असतात.

28 ऑक्टोबर 1914 ला ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47व्या शीख पलटणीसोबत जर्मनांच्या ताब्यातल्या या गावात शिरल्या. घराघरांतून संगिनींची झुंज झाली, पण कुमक आली नाही आणि जिंकलेलं गाव सोडावं लागलं. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे कसबी जवान पायदळ म्हणून खर्ची घातले, याची मला आजही चीड येते. पुढे 10 मार्च 1915 ला सकाळी साडेसातपासून 35 मिनिटं ब्रिटिश तोफांचा भडिमार झाला आणि मग हल्ला सुरू झाला. गढवालींची पहिली पलटण दिशा चुकून न तुटलेल्या काटेरी तारांवर गेली.

स्मारक गावाच्या नैर्ऋत्येला 800 मीटरवर आहे. हर्बर्ट बेकरने रचलेलं हे स्मारक 1927 मध्ये खुलं झालं. जवळपास 15 मीटरचा स्तंभ, माथ्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. भिंतीवर 4,700 हून अधिक नावं आहेत, ज्यांची कबर नाही त्यांची. ती पलटणींनुसार कोरलेली असल्याने युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीतून पॅनल क्रमांक आधीच लिहून न्यावा. यादीत पुष्कळदा एकच नाव सापडतं, आडनाव नसतं. अशा वेळी नोंदीतलं वडिलांचं नाव आणि गाव पाहून खात्री करावी.