होस्टिंगचं पॅकेज बनवताना आकडे कुठून आणायचे

रिसेलर होस्टिंग (कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घेऊन ती संकेतस्थळांसाठी आपल्या गिऱ्हाइकांना विकणं) घेतलं की डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे ही सगळी खाती सांभाळण्याच्या पॅनेलमध्ये, पहिलं काम पॅकेज बनवण्याचं, म्हणजे एका खात्याला किती जागा आणि कुठल्या सोयी मिळतील ते ठरवण्याचं. नेमकं तेच काम सगळ्यात घाईत उरकलं जातं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन नावं, डिस्कचे तीन गोल आकडे आणि बाकी सगळीकडे अनलिमिटेड. पुढची दोन-तीन वर्षं जे फोन येतात, त्यातले बरेचसे या दहा मिनिटांतल्या घाईचे असतात. म्हणून या फॉर्मबद्दल जरा सविस्तर.

'अ‍ॅड अ पॅकेज' उघडलं की वर डिस्क कोटा (साठवायची जागा) आणि मंथली बँडविड्थ (महिन्याभरात होणारी डेटाची ये-जा) दिसतात. दोन्ही आकडे एमबीमध्ये भरायचे असतात. १० जीबी द्यायचे तर १०२४० लिहायचं. घाईत नुसतं १० लिहिलं की दहा एमबीचं खातं तयार होतं आणि त्यात वर्डप्रेससुद्धा बसत नाही. एपीआयमधून (फॉर्मऐवजी प्रोग्रॅमनं आज्ञा देण्याची सोय) किंवा स्क्रिप्टनं पॅकेज बनवत असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. डिस्क आणि बँडविड्थला ० म्हणजे अमर्याद, पण ॲडऑन डोमेन (त्याच खात्यावरचं आणखी एक डोमेन), डेटाबेस, एफटीपी (फाइली चढवण्या-उतरवण्याची सोय) यांना ० म्हणजे ती सोय बंद. एकाच फॉर्ममध्ये शून्याचे दोन उलटे अर्थ आहेत, आणि चूक नेमकी महागड्या बाजूला होते.

आकडा गिऱ्हाईक बघून काढायचा. सोलापूरचीच उदाहरणं घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार कॅटलॉग टाकतो. ३०० डिझाइन, प्रत्येकाचे चार फोटो, मोबाइलवरून काढलेला फोटो सरासरी ५ एमबी. झाले ६००० एमबी, आणि हे फक्त मूळ फोटोंचे. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या आकारांच्या आणखी प्रती करून ठेवतं. म्हणजे संकेतस्थळालाच १० जीबी लागले. आता मेल. सीपॅनलमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्याच्या पॅनेलमध्ये, संकेतस्थळ आणि मेलबॉक्स एकाच डिस्क कोट्यातून खातात, हे गिऱ्हाइकाला तर नसतंच माहीत, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतं. निर्यातवाल्याकडे परदेशी खरेदीदारांच्या डिझाइनच्या मोठ्या फाइली मेलवर येतात आणि वर्षानुवर्षं कुणी त्या काढत नाही. दहा मेलबॉक्स, प्रत्येकी २ जीबी धरले तर २० जीबी तिथेच गेले. त्यामुळे 'मॅक्स कोटा पर ईमेल अ‍ॅड्रेस' हा रकाना अनलिमिटेड ठेवू नका. एकाच्या भरलेल्या मेलबॉक्सनं अख्खं खातं भरतं. मग बाकी नऊ जणांचे मेल अडतात आणि संकेतस्थळावर फाइल चढवणंही थांबतं. मर्यादा असली तर ज्याचा डबा भरला तेवढाच अडतो.

चाटी गल्लीतल्या कापड दुकानदाराला यातलं काहीच लागत नाही. पाच पानांचं संकेतस्थळ आणि तीन मेल, २ जीबी भरपूर झाले. त्याला १० जीबीचं पॅकेज विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बँडविड्थचं गणित हंगामावर ठरतं. पंढरपूरच्या एखाद्या भक्तनिवासाचं संकेतस्थळ घ्या. एरवी दिवसाला शंभर माणसं येतील. आषाढीच्या आधीचे दहा दिवस रोज दोन हजार आली आणि एका भेटीत ३ एमबी गेले, तर दहा दिवसांत ६०,००० एमबी, म्हणजे जवळपास ५९ जीबी. वर्षाची सरासरी काढून २० जीबी दिले असतील तर ऐन गर्दीत पानावर ५०९ चा 'बँडविड्थ लिमिट एक्सीडेड' हा संदेश झळकतो. मोजणी कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे होते आणि १ तारखेला शून्यावर येते, पण बुकिंग करणारे तोवर वाट बघत नाहीत. जूनच्या तोंडावर शाळांच्या ऑर्डरी घेणाऱ्या गणवेशवाल्यांचंही असंच. अशांना हंगामापुरतं वरच्या पॅकेजवर न्यावं आणि नंतर परत खाली आणावं. या मोजणीत संकेतस्थळासोबत एफटीपी आणि मेलची ये-जाही धरली जाते, हेही विसरू नका.

तासाला किती मेल जाऊ द्यायचे, हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'मॅक्सिमम अवर्ली ईमेल बाय डोमेन रिलेड' असं लांबलचक नाव असल्यामुळे लोक तो तसाच सोडतात. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला किंवा संपर्काच्या फॉर्ममधून कचरा मेल सुटले, की सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कचरा मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो. मग त्या आयपीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे मेल परत येऊ लागतात. साध्या दुकानाला तासाला १०० पुरतात. मर्यादा ओलांडल्यावरचे काही मेल रांगेत थांबतात. डब्ल्यूएचएमच्या ट्वीक सेटिंग्जमधली याची मूळ टक्केवारी १२५ आहे, म्हणजे १०० च्या मर्यादेवर १२५ पर्यंतचे मेल रांगेत राहतात आणि त्यापुढचे नाकारले जातात. त्यामुळे 'आमचे मेल उशिरा पोचतात' अशी तक्रार आली तर आधी हा आकडा तपासा. शेजारी परतलेल्या मेलच्या टक्केवारीचा रकाना आहे, तोही भरा.

शेल अ‍ॅक्सेस (सर्व्हरवर थेट कमांड चालवण्याची मुभा) बंद ठेवा. डेडिकेटेड आयपीवर (फक्त त्या खात्यासाठीचा वेगळा आयपी) टिचकी मारू नका, एसएसएलसाठी (पत्त्यात https आणणारं सुरक्षेचं प्रमाणपत्र) आता त्याची गरज नाही.

खाली फीचर लिस्ट, म्हणजे गिऱ्हाइकाला सीपॅनलमध्ये दिसणाऱ्या सोयींची यादी, निवडायची असते. ती वेगळी, फीचर मॅनेजरमध्ये बनते. तिथली 'डिफॉल्ट' यादी बदलू नका. ती वापरणाऱ्या सगळ्या पॅकेजांवर लगेच परिणाम होतो. आपल्या नावाची नवीन यादी करा. 'डिसेबल्ड' नावाच्या यादीत घातलेली सोय तर सगळ्यांचीच बंद होते, बाकी कुठल्याही यादीत ती चालू असली तरी. आणि सोय काढली म्हणजे गिऱ्हाइकाच्या सीपॅनलमधून तिचं चित्र गेलं, एवढंच. आधी बनवलेले मेलबॉक्स आणि क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) चालूच राहतात.

सर्व्हरवर क्लाउडलिनक्स (प्रत्येक खात्याला वेगळी मर्यादा घालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर सीपीयू, मेमरी आणि एंट्री प्रोसेसच्या (एकाच वेळी हाताळल्या जाणाऱ्या विनंत्यांच्या) मर्यादा तिच्या एलव्हीई मॅनेजरमध्ये पॅकेजनिहाय लावता येतात. संकेतस्थळावर ५०८ चा संदेश दिसला तर डिस्क-बँडविड्थ चाळत बसू नका, थेट तिकडे बघा. बहुतेक वेळा एंट्री प्रोसेस संपलेल्या असतात, आणि त्या संपण्यामागे एखादं जड प्लगिन किंवा बॉट असतात.

आता मुख्य गोष्ट. पॅकेज हा त्यावरच्या सगळ्या खात्यांचा सामाईक नियम आहे. 'एडिट पॅकेज'मध्ये एक आकडा बदलला की त्यावरची सगळी खाती बदलतात, आणि ही ताकद हवी असेल तर एकेका खात्यात हात घालायचा नाही. एका गिऱ्हाइकानं फोनवर ५ जीबी जादा मागितले की 'मॉडिफाय अकाउंट'मध्ये जाऊन आकडा वाढवण्याचा मोह होतो. तसं केलं की एक तर खातं पॅकेजपासून तुटतं, नाहीतर पॅकेज पुन्हा बदललं जाईल तेव्हा वाढवलेला आकडा पुसला जातो आणि गिऱ्हाइकाचं खातं एका रात्रीत ओव्हर कोटा होतं. जादा जागा हवी असेल तर तेवढ्या जागेचं वेगळं पॅकेज करा आणि 'अपग्रेड/डाउनग्रेड अ‍ॅन अकाउंट'मधून तिथे हलवा, मग पॅकेजवर एकच खातं असलं तरी चालेल.

वर नेण्यात धोका नाही, खाली आणताना जपावं लागतं. आठ डेटाबेस असलेलं खातं पाचच्या पॅकेजवर आणलं तरी आठही चालू राहतात, फक्त नववा करता येत नाही. मेलबॉक्स आणि ॲडऑन डोमेनचंही तसंच. डिस्क मात्र तशी नाही. १२ जीबी वापरणारं खातं १० जीबीवर आणलं की त्याच क्षणी लिहिणं बंद. म्हणून आधी 'लिस्ट अकाउंट्स'मध्ये वापर बघा. गिऱ्हाइकानं होम फोल्डरमध्येच पूर्ण बॅकअप काढून ठेवला आहे का, हे तपासा. एररलॉगच्या (चुकांच्या नोंदींच्या) फाइली आणि मेलचा ट्रॅशही बघा. इतकं साफ केल्यावर पुष्कळदा खातं आपोआप खाली बसतं.

नावात किंमत किंवा जीबी घालू नका, दोन्ही बदलतात. रिसेलरनं बनवलेल्या पॅकेजच्या नावापुढे त्याचं वापरकर्ता नाव आणि अंडरस्कोर आपोआप लागतो. बिलिंगसाठी डब्ल्यूएचएमसीएस वापरत असाल तर तिथे हे नाव उपसर्गासकट, अक्षरशः तसंच असावं लागतं. नाहीतर पैसे जमा होतात आणि खातं तयार होत नाही. सर्व्हर बदलताना ट्रान्सफर टूलमध्ये खात्यांबरोबर पॅकेजं आणि फीचर लिस्टही निवडा. खाती पोचली आणि पॅकेज जुन्या सर्व्हरवरच राहिलं, तर पुढचा बदल करताना कुठली खाती कुठल्या नियमाखाली होती, हे एकेक उघडून शोधावं लागतं.